क्रेडिट कार्डाचे सतरा हजार थकलेत, बँक खरंच दावा लावेल का?

अर्धविराम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे वाचनमात्र आहे, आणि पहिला धागा काढतोय तो असल्या विषयावर. सांभाळून घ्या.

नोकरी गेली तेव्हा कार्डावर १६,८०० रुपये होते. चार महिने घर कसंबसं रेटलं, कार्ड मागे पडलं. पुढे नोकरी लागली, पण पगार आधीपेक्षा कमी, आणि तोवर आकडा इतका फुगला होता की स्टेटमेंट उघडायचंच सोडून दिलं. (हे चुकलं. मान्य आहे, त्यावरून वेगळं झोडू नका.) असं करता करता सव्वीस महिने झाले. मध्ये, आठ महिन्यांपूर्वी, वसुलीच्या फोनला कंटाळून ५०० रुपये ॲपवरून भरले. "एवढे भरा साहेब, फाइल थांबवतो," म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच माणसाचा फोन.

परवा व्हॉट्सॲपवर एका वकिलाच्या लेटरहेडवर नोटीस आली. ४१,२३० रुपये सात दिवसांत भरा, अन्यथा दिवाणी व फौजदारी कारवाई. खाली लोकअदालतीची तारीख, आणि गैरहजर राहिल्यास अटक वॉरंट निघेल अशी ठळक ओळ. ती बायकोने वाचली. तेव्हापासून घरात कुणी नीट बोलत नाही.

एवढ्याशा रकमेसाठी बँक कोर्टात जाते का? की हे नुसतं घाबरवणं?

खडूस

कार्ड घासताना विचारलं होतं का इथे? भरा आणि मोकळे व्हा.

रातराणी

खडूस, नावाला जागलात. अर्धविराम, नोटीस पीडीएफ आहे की फोटो? खाली दावा क्रमांक वगैरे काही आहे का?

अर्धविराम

पीडीएफ. क्रमांक आहे, पण 'संदर्भ क्रमांक' म्हणून, त्यात बँकेच्या नावाची आद्याक्षरं आणि माझ्या कार्डाचे शेवटचे चार आकडे. कोर्टाचं नाव कुठेच नाही.

जुनाबकेट

मग ती कोर्टाची नाही. शांत व्हा आधी.

सहा वर्षं वसुलीत काढलीत, आधी फोनवर, मग दारोदार. आतली गोष्ट सांगतो. हप्ता चुकला की तुम्ही 'बकेट'मध्ये जाता. तीस दिवसांपर्यंत पहिली, साठपर्यंत दुसरी, नव्वदपर्यंत तिसरी. पहिल्या बकेटला फोन करणारी मुलगी गोड बोलते, कारण तिथे अजून गिऱ्हाईक टिकवायचं असतं. नव्वद दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं आणि भाषा बदलते. पुढे बँक ते खातं 'राइट ऑफ' करते. लोकांना वाटतं माफ झालं. अजिबात नाही, ती फक्त बँकेच्या पुस्तकातली नोंद आहे, तुमचं देणं तसंच राहतं.

त्यानंतर फाइल एजन्सीकडे जाते. एजन्सीला पगार नसतो, जेवढं वसूल होईल त्यावर कमिशन असतं, आणि फाइल जितकी जुनी तितकं कमिशन चढं. आता बघा, तुम्हाला फोन करणारा माणूस 'केस टाकतो' म्हणतो, पण केस पडली तर त्याच्या हाती काय? काही नाही. फाइल त्याच्या यादीतून जाते. त्याला तुम्ही या महिन्याच्या तीस तारखेच्या आत काहीतरी भरायला हवे असता. ५०० रुपये सुद्धा चालतात. का चालतात ते वकील मंडळी सांगतील.

नोटिशीबद्दल म्हणाल तर एक्सेलच्या यादीवरून नाव आणि रक्कम भरून शेकड्याने निघतात. वकिलाने तुमची फाइल उघडलेली नसते.

मग दावे कधीच लागत नाहीत का? लागतात. पण लहान रक्कम हे त्यातलं एकच कारण आहे, आणि सगळ्यात मोठं नाही. बँकेला वकिलाची फी, कोर्ट फी, शिवाय साक्षीला उभा राहणारा अधिकारी, असा खर्च दिसत असतो. समोर माणूस ठावठिकाणा नसलेला असेल तर दोन लाखांवरही पाणी सोडतात. आणि ज्याचा पत्ता पक्का, पगार बँकेत जमा होतो, मालकाचं नाव माहीत, त्याच्यावर चाळीस हजारांसाठीही दावा पडलेला मी पाहिलाय. एकेकटा नाही, गठ्ठ्याने. तीन वर्षं भरत आली की यादी काढतात आणि एका वकिलाकडे पन्नास फाइली एकदम देतात. तिथे तुमचा नंबर लागला तर लागला.

वकीलपत्र

जुनाबकेट यांनी निम्मं काम केलं. मी कायद्याचं बोलते.

पैशाच्या वसुलीच्या दाव्याला मुदत कायदा, १९६३ प्रमाणे साधारणपणे तीन वर्षं मिळतात. तीन वर्षं उलटल्यावर आणलेला दावा, समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी, कोर्टाने स्वतःहून फेटाळायचा असतो. कलम ३ तेच सांगतं. पण देणं मरत नाही, फक्त कोर्टाचा दरवाजा बंद होतो. फोन येत राहू शकतात, सिबिलवर नोंद राहते.

आता ५०० रुपयांचं. कलम १८ म्हणतं, मुदत संपायच्या आत तुम्ही सही करून देणं लेखी कबूल केलंत की तीन वर्षं नव्याने सुरू. कलम १९ म्हणतं, मुदतीच्या आत थोडी रक्कम भरलीत तरी तेच, फक्त त्या भरण्याची नोंद तुमच्या हस्ताक्षरात किंवा तुमच्या सहीच्या कागदावर हवी. ॲपवरून भरलेले पैसे या व्याख्येत बसतात का यावर वाद घालता येतो. पण त्या वादावर भिस्त ठेवून झोपू नका. घड्याळ आठ महिन्यांपूर्वी पुन्हा चालू झालं, असं धरून चाला.

आणि कृपा करून एजंटाला मेसेजवर "हो, ४१ हजार देणं आहे, पुढच्या महिन्यात देतो" असं काही लिहू नका. ईमेल आणि मेसेज लेखी कबुली म्हणून पुढे ठेवले जातात. एक गंमत सांगते, मुदत उलटून गेलेल्या कर्जाचंसुद्धा सही करून नवं वचन दिलंत तर करार कायद्याच्या कलम २५(३) ने ते पुन्हा बंधनकारक होतं. मेलेलं देणं लोक स्वतःच्या सहीने उठवून बसवतात, मी पाहिलंय.

अर्धविराम

म्हणजे "फाइल थांबवतो" म्हणून त्याने उलट फाइल चालू केली?

जुनाबकेट

त्याला कायदा ठाऊक नव्हता हो. त्याला टार्गेट ठाऊक होतं. पण त्याच्या वरच्याला ठाऊक असतं.

पाटीपेन्सिल

मला दोन शंका. (१) छोट्या रकमेसाठी ते डीआरटी का काय म्हणतात तिथे जातात का? (२) घर जप्त होतं का?

वकीलपत्र

डीआरटी, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरण, २० लाखांपासून पुढे. २०१८ पर्यंत ती मर्यादा १० लाख होती. त्याखालची वसुली दिवाणी न्यायालयात. घराचं म्हणाल तर सरफेसी कायदा, २००२ हा तारण असलेल्या कर्जाला लागतो, आणि एक लाखापर्यंतच्या कर्जाला तर तारण असलं तरी नाही. क्रेडिट कार्ड विनातारण. तुमचं घर, गाडी यांकडे बँकेला थेट हात घालता येत नाही. आधी दावा, मग हुकूमनामा (कोर्टाचा निकाल), मग दरखास्त (त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज), एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात.

कोपरा

या पायऱ्या चढून लोक येतात. मी अनुभव लिहितो, म्हणजे "काही होत नाही" म्हणणाऱ्यांना कळेल.

माझं वैयक्तिक कर्ज होतं, ६० हजारांच्या आतलं थकलेलं. घर बदललं, बँकेला पत्ता कळवला नाही. समन्स जुन्या पत्त्यावर गेलं, तिथल्या माणसाने घेतलं नाही, पुढे काय चिकटवलं, कुठे चिकटवलं, मला पत्ता नाही. दोन वर्षांनी कंपनीच्या अकाउंट्समधून बोलावणं आलं: "तुमच्या पगारावर जप्तीचा हुकूम आलाय." दावा एकतर्फी निकाली निघून दरखास्तही दाखल झाली होती. तेव्हा माझा पगार ३१ हजार. महिना १० हजार कापले जायला लागले. आणि लाज? अख्ख्या मजल्याला कळलं.

वकीलपत्र

कोपरा, आकडा बरोबर बसतोय. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीपासून सुरक्षित. ३१ हजारांत १,००० अधिक २०,००० तुमचे, १०,००० जप्तीयोग्य. एकाच हुकूमनाम्यापोटी अशी कपात फार तर २४ महिने.

पण तुम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही का, की समन्स नीट बजावलंच गेलं नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून ३० दिवसांत तो रद्द करायचा अर्ज देता येतो? आदेश ९ नियम १३.

कोपरा

नाही. मी मान खाली घालून भरत राहिलो. सहा महिन्यांत संपलं.

रातराणी

हे वाचून पोटात गोळा आला. मग खरं समन्स ओळखायचं कसं?

वकीलपत्र

न्यायालयाचं नाव, दावा क्रमांक, हजर राहायची तारीख, शिक्का, आणि सोबत दाव्याची प्रत. बहुधा बेलिफ आणतो किंवा रजिस्टर पोस्टाने येतं. शंका असेल तर ई-कोर्ट्सच्या साइटवर किंवा ॲपवर आपलं नाव टाकून शोधा. प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तिथे काही सापडत नसेल आणि कागदावर कोर्टाचा मागमूस नसेल, तर ती नोटीस. नोटिशीला उत्तर द्यायचं की नाही हा विचार करायचा विषय. समन्सला जायचं की नाही हा नाही. जायचंच. लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस, फार तर ९०. बँकेने आदेश ३७ खाली 'समरी सूट' (झटपट निकालाचा दावा) टाकला असेल तर हजेरी लावायलाच फक्त १० दिवस, आणि बचाव करायची परवानगी वेगळी मागावी लागते. तिथे झोपलात तर संपलं.

लोकअदालतीच्या कागदावरची वॉरंटची ओळ मात्र शुद्ध थाप. दाव्याआधीच्या लोकअदालतीत तडजोड झाली तर झाली, नाही झाली तर तुमच्याविरुद्ध काही ठरत नाही, न गेल्याबद्दल अटक तर नाहीच. तारीख खरी आहे का ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारा. पण गेलात आणि सही केलीत तर तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही. झेपेल तेवढ्यावरच सही करा.

अर्धविराम

आणि तुरुंग? बायकोचा खरा प्रश्न तोच आहे.

वकीलपत्र

पैसे नाहीत म्हणून तुरुंग होत नाही. हुकूमनामा झाल्यावरही पैसे असून मुद्दाम टाळतोय हे कोर्टाला पटावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात हे स्वच्छ सांगितलंय. २,००० रुपयांपर्यंतच्या हुकूमनाम्याला दिवाणी कैद नाहीच, ५,००० च्या वर जास्तीत जास्त तीन महिने, आणि पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटक करताच येत नाही. मी वकिलीत आजवर कार्डाच्या थकबाकीपायी कैद झालेली पाहिलेली नाही.

उधारउसनवार

थांबा थांबा. चेकचं काय ते सांगा, नाहीतर लोक इथून चुकीचं घेऊन जातील.

मी दुसऱ्या बाजूचा आहे. ओळखीतल्या एकाला ३५ हजार हातउसने दिले होते, बँकेतून, आणि बदल्यात चेक घेतला होता. चेक परत आला. मी नोटीस दिली, पंधरा दिवस वाट पाहिली, सरळ चेक न वटल्याची, कलम १३८ ची तक्रार केली. रक्कम लहान आहे, वकीलच निम्मे खाईल, सगळे म्हणाले. खाल्ले. तरी केली. बँक हिशेब करते, माणूस इरेला पेटतो. माझ्यासमोर तो नवी गाडी घेऊन फिरत होता, आणि मी फोन केला की "बघतो". त्या "बघतो"ने मी कोर्टात गेलो, ३५ हजारांनी नाही. तेव्हा 'लहान रकमेसाठी कोण कोर्टात जातं' असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपला घेणेकरी कोण आहे ते आधी बघावं.

वकीलपत्र

अगदी. चेक परत आला की प्रकरण फौजदारी होतं: दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेक परतल्याची खबर मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, ते उलटल्यावर महिन्याभरात तक्रार. हप्त्यासाठी दिलेला ईसीएस किंवा नाच मॅंडेट (खात्यातून आपोआप कपातीची परवानगी) शिल्लक नसल्याने परत गेला तरी २००७ च्या पेमेंट कायद्याचं कलम २५ असंच लागतं. छोट्या कर्जांच्या ॲपवाल्यांचा सगळा जोर यावरच असतो. अर्धविराम, तुम्ही चेक किंवा ऑटोडेबिट दिलं होतं?

अर्धविराम

नाही. कार्डाचं बिल मी दर महिन्याला हाताने भरायचो.

वकीलपत्र

मग नोटिशीतला 'फौजदारी' हा शब्द नुसता मसाला आहे.

दुसरीबाजू

माझ्या भावाला 'लवादाची' (कोर्टाबाहेर निवाडा देणाऱ्याची) नोटीस आली होती, ईमेलवर, कुठल्यातरी लांबच्या शहरातला एकच लवाद, सुनावणी व्हिडिओवर. त्याने स्पॅम म्हणून सोडून दिली. निवाडा झाला. हेही बघा जरा.

वकीलपत्र

चांगली आठवण केलीत. खरं तर हल्ली लहान रकमांचा रस्ता कोर्टापेक्षा हाच जास्त आहे, कारण पन्नास प्रकरणं एका बैठकीत उरकतात. लवादाचा निवाडाही हुकूमनाम्यासारखाच अमलात येतो. त्याला आव्हान द्यायला निवाड्याची प्रत हाती आल्यापासून तीन महिने, वर फार तर ३० दिवस. पण कंपनीने एकतर्फी आपल्याच मर्जीचा लवाद नेमला असेल तर ते सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालापासून चालू दिलेलं नाही. नोटीस आली की लगेच, लेखी, "या नेमणुकीला माझी हरकत आहे" एवढं तरी कळवा. गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं.

खडूस

एवढी कलमं पाठ करण्यापेक्षा पैसे भरले असते तर? १६,८०० घेतले होते ना? ते देणं आहे ना? सगळे मिळून याला पळवाट शिकवताय.

रातराणी

१६,८०० द्यायला कोण नाही म्हणतंय? ४१ हजार कुठून आले ते बोला.

पाटीपेन्सिल

महिना साडेतीन टक्के चक्रवाढीने सव्वीस महिन्यांत १६,८०० चे ४१ हजार होतात. आत्ता करून पाहिलं. वर व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा, उशिराचे आकार वेगळे. कोर्ट एवढं व्याज मान्य करतं?

वकीलपत्र

त्यावर आशा ठेवू नका. बँकेचं व्याज अवाजवी आहे म्हणून कोर्टाने व्यवहार उकरू नये, असं बँकिंग नियमन कायद्याचं कलम २१अ म्हणतं. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या व्याजाला ३० टक्क्यांची वेस घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये उठवली. व्याज कमी होतं ते वाटाघाटीत.

खडूस, तुमचं अगदीच चूक नाही. देणं आहेच. पण वॉरंटच्या खोट्या ओळीला घाबरून कुठूनतरी उसने काढून ४१ हजार भरणं आणि देणं फेडणं यात फरक आहे.

जुनाबकेट

वाटाघाटीचं माझ्याकडून घ्या. एजंटाशी बोलू नका, बँकेच्या वसुली विभागाला ईमेल करा. तिमाही संपायच्या आसपास करा, मार्च असेल तर सोन्याहून पिवळं. मुद्दलाच्या आसपासचा आकडा एकरकमी सांगा. पहिलं उत्तर 'शक्य नाही' येईल. येऊ द्या. पत्र हाती आल्याशिवाय दमडी भरू नका, आणि पत्रात 'पूर्ण व अंतिम' हे शब्द आहेत का ते बघा. भरायचे ते कार्डाच्याच खात्यात. एजंटाच्या क्यूआरवर भरलेले पैसे मी स्वतः गायब झालेले पाहिलेत.

सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायला रिझर्व्ह बँकेची बंदी आहे, नातेवाईक-मित्रांना त्रास देण्यालाही. आमच्या वेळी कुणी पाळत नव्हतं, पण तुम्ही तारीख-वेळ टिपून ठेवा. बँकेकडे तक्रार करा, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ही तक्रार वाटाघाटीत फार उपयोगी पडते, का ते विचारू नका.

वकीलपत्र

त्या ईमेलात "देणं कबूल न करता व हक्क राखून" असं लिहा, आणि ४१ हजारांचा आकडा कबूल करू नका.

अर्धविराम

सात आठवड्यांनी लिहितोय, क्षमस्व.

विधी सेवा प्राधिकरणात जाऊन आलो. नोटिशीवरची लोकअदालतीची तारीख खरी होती, पण माझं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. तिथल्या बाईंनी वॉरंटची ओळ वाचून कपाळाला हात लावला. ते घरी येऊन सांगितलं, त्या रात्री बायको झोपली.

बँकेला ईमेल केला. पहिलं उत्तर 'शक्य नाही', जुनाबकेट म्हणाले तसंच. दुसरं ३१ हजार. तिसऱ्या खेपेला १८,५०० वर आले, पत्र दिलं, 'पूर्ण व अंतिम' शब्दांसकट. दोन हप्त्यांत भरले. ना-देणे प्रमाणपत्र गेल्या आठवड्यात आलं. सिबिलवर मात्र 'सेटल्ड' दिसतंय, 'क्लोज्ड' नाही. हे बदलतं का?

वकीलपत्र

सूट घेतलीत म्हणून 'सेटल्ड', ती नोंद चूक नाही. पुढे घरकर्ज घ्यायचं झालं तर उरलेला फरक भरून 'क्लोज्ड' करून द्याल का असं बँकेला विचारता येतं. फक्त थकबाकी शून्य दाखवली आहे ना ते बघा. शून्य नसेल तर दुरुस्तीची तक्रार करा, ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

अर्धविराम

शून्य आहे. पण काल पुन्हा एका नव्या एजन्सीचा फोन आला, ४३ हजार भरा म्हणून!

जुनाबकेट

यादी महिनाअखेरीला बदलते, त्यांच्याकडे जुनी आहे. प्रमाणपत्राचा फोटो पाठवा आणि फोन ठेवा. अजून एक-दोन येतील.